देशाची लोकसंख्या आणि रोजगार कसे बदलतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न खरंच परत परत येणारे आहेत, काही तर शब्दशः तेच. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, जिथे दोन प्रश्न एकमेकांत घुसतात तिथे नंबर दिलाय. एवढंच करा, की कुठलाही टक्का दिसला की आधी भागाकारात खाली कोण बसलंय ते बघा. निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

१. लोकसंख्या बदलते म्हणजे नेमकी कशाकशाने बदलते?

तीनच गोष्टींनी. जन्म, मृत्यू आणि स्थलांतर, चौथं काही नाही. सगळ्या जगाचा हिशोब केला तर स्थलांतरही गळतं, उरतात दोनच. गंमत म्हणजे बऱ्याच जणांना वाटतं की गेल्या दोनशे वर्षांत लोक जास्त मुलं जन्माला घालायला लागले म्हणून जग भरलं, पण मुलं आधीही भरपूर व्हायची, ती जगत नव्हती. १८०० च्या आसपास जगाची लोकसंख्या १०० कोटी होती आणि संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने १५ नोव्हेंबर २०२२ ला ती ८०० कोटी झाली, आणि ही सगळी वाढ मुख्यतः मरण कमी झाल्यामुळे आहे. स्वच्छ पाणी, लसी, अन्नाचा पुरवठा, सांडपाण्याची सोय. पाळणे वाढले असं नाही, पाळण्यातली मुलं मोठी व्हायला लागली.

२. जन्मदर आणि जननदर एकच ना?

नाही, आणि बातम्यांमध्येसुद्धा हे दोन सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. जन्मदर म्हणजे दर हजार लोकांमागे वर्षाला किती बाळं झाली, यात खाली सगळी जनता आहे, म्हातारे, पुरुष, लहान मुलं, सगळे. त्यामुळे देश नुसता म्हातारा झाला तरी जन्मदर पडतो, बायकांचं वागणं काडीचंही बदललं नसलं तरी. एकूण जननदर, म्हणजे टीएफआर, वयाची ही भानगड काढून टाकतो: आत्ता प्रत्येक वयाच्या बायकांना ज्या प्रमाणात मुलं होतायत तेच प्रमाण एखाद्या बाईच्या आयुष्यभर राहिलं तर तिला सरासरी किती मुलं होतील.

यात एक खोच आहे. टीएफआर हा एका वर्षाचा फोटो आहे. समजा सगळ्या बायकांनी ठरवलं की पहिलं मूल दोन-तीन वर्षं उशिरा, तर त्या काळात टीएफआर धाडकन खाली दिसतो, आणि पुढे त्याच बायकांना तेवढीच मुलं झाली तरी मधल्या वर्षांचे आकडे पडलेलेच राहतात. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर कोणी छाती पिटत असेल तर जरा थांबा.

३. टीएफआर २.१ असला की लोकसंख्या टिकून राहते म्हणतात, ते २.१ कुठून येतं? दोन आईबाप, दोन मुलं, मग वरचा ०.१ कशाला?

कारण निसर्गतः दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्माला येतात, आणि जन्मलेल्या सगळ्याच मुली आई व्हायच्या वयापर्यंत पोचत नाहीत. एका बाईच्या जागी पुढच्या पिढीत एक बाई यायला हवी, तर थोडं जास्तीचं लागतं. जिथे बालमृत्यू जास्त आहेत तिथे २.१ पुरत नाही. हा आकडा दगडावरची रेघ नाही, ठोकताळा आहे.

४. टीएफआर २.१ च्या खाली गेला तरी लोकसंख्या वाढतच राहते, हे कसं काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. कारण आधीच्या पिढीत भरपूर मुली जन्मलेल्या असतात आणि त्या आता आई व्हायच्या वयात आल्यायत. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी आयाच इतक्या आहेत की जन्म मृत्यूंपेक्षा जास्त होतात, शिवाय म्हातारी पिढी संख्येने लहान असल्याने मृत्यूही कमी. याला मोमेंटम म्हणतात. चीनचा जननदर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला २.१ खाली गेला आणि लोकसंख्या प्रत्यक्ष घटली ती २०२२ मध्ये, म्हणजे मधे जवळजवळ तीस वर्षं गेली. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) टीएफआर २.० आला, पहिल्या फेरीत (१९९२-९३) तो ३.४ होता. तरी भारताची लोकसंख्या अजून काही दशकं वाढत राहणार, त्यात विरोधाभास काही नाही.

उलटंही तितकंच खरं आहे हं. एकदा आई होऊ शकणाऱ्या बायकाच कमी झाल्या की जननदर वर आला तरी घसरण लगेच थांबत नाही.

५. लोक मुलं कमी का होऊ देतात? पैसा आला की आपोआप होतं का?

पैसा एक भाग. पण बांगलादेशासारख्या देशाचा जननदर तो श्रीमंत व्हायच्या बराच आधी पडला. जी कारणं परत परत सापडतात ती अशी: मुलं जगतील याची खात्री आली, मुली शाळेत जास्त वर्षं राहायला लागल्या, लग्नाचं वय वाढलं, गर्भनिरोधक हाताशी आले, आणि मूल म्हणजे कामाला दोन हात हा हिशोब बदलून मूल म्हणजे वीस वर्षांचा खर्च असा झाला. आधी मृत्यू कमी होतात, मग काही दशकांनी जन्म कमी होतात, आणि मधल्या काळात लोकसंख्या फुगते. हा क्रम लोकसंख्येचा अभ्यासक वॉरन थॉम्पसनने १९२९ मध्ये मांडला आणि पुढे फ्रँक नोटस्टाइनने त्याला नीट रूप दिलं.

या सिद्धांताने एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती, की घसरण थांबणार कुठे. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की दोनच्या आसपास स्थिरावेल. दक्षिण कोरिया १९६० मध्ये सहाच्या आसपास होता, २०२३ मध्ये ०.७२ वर आला. २०२४ मध्ये ०.७५ झाला तर तीसुद्धा बातमी झाली.

६. पूर्वी सरासरी आयुर्मान ३५ होतं, म्हणजे लोक पस्तिशीत मरायचे?

नाही हो. दहा बाळांपैकी चार वर्षाच्या आत गेली आणि बाकीची सहा साठीपर्यंत जगली तर सरासरी येते ३६, पण ३६ व्या वर्षी मेलेला एकही माणूस त्या दहांत नाही. सरासरी खाली ओढणारं होतं बालपण.

७. लोकसंख्येचा पिरॅमिड कसा वाचायचा?

पिरॅमिड म्हणजे प्रत्येक वयाचे लोक किती ते दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा आलेख. खाली लहान वय, वर म्हातारपण, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. तळ रुंद असेल तर तरुण देश, मधे पोट सुटलेलं असेल तर देश कामाच्या वयात आहे, आणि वरचा भाग जड असेल तर पेन्शनची चिंता सुरू. एवढं सगळ्यांना जमतं. मजा खाचांमध्ये आहे.

जपानचा पिरॅमिड घ्या. त्यात एका वर्षाची पट्टी एकदम आत गेलेली दिसते, जणू कोणी दात काढलाय, आणि आजूबाजूची वर्षं भरलेली. ते वर्ष १९६६. तिथल्या पंचांगात ते 'अग्निअश्व' वर्ष होतं, साठ वर्षांतून एकदा येतं, आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते अशी समजूत. १९६५ मध्ये १८ लाखांवर जन्म झाले होते, १९६६ मध्ये ते सुमारे १३.६ लाखांवर आले, आणि १९६७ मध्ये परत १९ लाखांच्या पुढे. युद्ध नाही, दुष्काळ नाही, रोगराई नाही. टीएफआर १.५८ झाला. पुढे १९८९ मध्ये कुठलीही समजूत आड नसताना तो १.५७ झाला, तेव्हा सरकार खडबडून जागं झालं.

रशियाच्या पिरॅमिडमध्ये दुसऱ्या महायुद्धाची खाच आहे, आणि त्या कमी जन्मलेल्या पिढीला मुलं कमी झाली म्हणून साठच्या दशकाच्या शेवटी तिची सावली, मग नव्वदच्या दशकात आणखी एक (त्यात तेव्हाची आर्थिक पडझडही मिसळलेली). कतारचा पिरॅमिड तर एका बाजूला कललेला दिसतो, कारण दहातले सात पुरुष, त्यातले बहुतेक बाहेरून कामाला आलेले. तिथे जन्म-मृत्यूंपेक्षा व्हिसाच सगळं ठरवतो.

८. डेमोग्राफिक डिव्हिडंड म्हणजे तरुण जास्त असले की देश श्रीमंत होतो, असंच ना?

असं असतं तर नायजर, जिथे निम्मी लोकसंख्या साधारण १५ वर्षांच्या आत आहे, तो सगळ्यात पुढे असता. मुद्दा तरुणांचा नाही, मुद्दा कमावत्या वयातल्यांच्या डोक्यावर खाणारी तोंडं किती याचा आहे. जननदर पडला की लहान मुलं कमी होतात, म्हातारे अजून वाढलेले नसतात, तेव्हा दोन-तीन दशकं कमावते वय जास्त आणि अवलंबून असलेले कमी अशी खिडकी मिळते. पूर्व आशियातल्या देशांनी ती खिडकी कारखाने, शिक्षण आणि बचत यांनी वापरली. हाताला काम नसेल तर तोच आकडा घरी बसलेल्या तरुणांचा होतो.

आणि ज्या गुणोत्तराने हे मोजतात त्यातही गडबड आहे. १५ ते ६४ वयाचे सगळे कमावते आणि बाकी सगळे अवलंबून असं ते सरसकट धरतं, म्हणजे कॉलेजातली विशीतली मुलगी कमावती आणि रोज दुकान चालवणारे सत्तरीचे आजोबा अवलंबून. प्र. ११ आणि १२ वाचा, तिथे खरे कमावते कोण ते येतं.

९. शेती, मग कारखाने, मग सेवा, हा क्रम ठरलेलाच असतो का?

फिशर आणि कॉलिन क्लार्क या अर्थतज्ज्ञांनी १९३०-४० च्या सुमारास हा क्रम मांडला आणि तेव्हाच्या श्रीमंत देशांना तो छान बसतो. अमेरिकेत १९०० मध्ये कामकऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के शेतीत होते, आता दोन टक्क्यांच्याही खाली. लोक पोटापाण्यासाठी शहरात गेले, कारखान्यांनी सामावून घेतलं, मग कारखान्यात यंत्रं वाढली आणि माणसं दुकानं, दवाखाने, शाळा, ऑफिसं यांत गेली.

पण नंतर निघालेल्या देशांना हा रस्ता तसाच मिळत नाहीये. डॅनी रॉड्रिक या अर्थतज्ज्ञाने दाखवलं की आता कारखान्यांतल्या रोजगाराचा वाटा फार कमी उत्पन्नावर असतानाच शिखर गाठून उतरायला लागतो. म्हणजे शेतीतून निघालेला माणूस कारखान्यात न जाता थेट बांधकाम, छोटं दुकान, डिलिव्हरी, घरकाम यात जातो. सेवाच त्या, पण ज्या अर्थाने श्रीमंत देशाचं सेवाक्षेत्र म्हणतो तशा नाहीत.

शिवाय क्रम उलटाही फिरतो. भारताच्या पीएलएफएस या सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणात शेतीतल्या रोजगाराचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, कोविडनंतर २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के. शहरातलं काम बंद पडलं तेव्हा लोक गावाकडे परतले आणि शेतीने त्यांना घेतलं, कारण शेतीत आणखी एक माणूस नेहमीच मावतो, पीक मात्र तेवढंच राहतं.

अजून एक, हा बदल बहुतेकदा माणसं धंदा सोडून जातात म्हणून होत नाही, पुढची पिढी त्यात येतच नाही म्हणून होतो. जुने तिथेच म्हातारे होतात. जपानमध्ये शेती हेच मुख्य काम असलेल्यांचं सरासरी वय ६५ च्या वर आहे. एखादा धंदा मावळतोय का ते बघायचं तर त्यातल्या लोकांची संख्या बघण्याआधी त्यांचं वय बघा.

१०. बेरोजगारीचा दर कमी झाला म्हणजे नोकऱ्या वाढल्या ना?

असंच असेल असं नाही. १५ वर्षांवरची १०० माणसं घ्या. ५४ कामावर, ६ काम शोधतायत, ४० जण यात नाहीतच. दर काढताना खाली १०० नाही, ६० घेतात, म्हणून बेरोजगारी १० टक्के. आता त्या सहांपैकी चार जण कंटाळून शोधायचंच थांबले. कामावर अजून ५४ च, शोधणारे २, खाली ५६. दर झाला ३.६ टक्के. एकही नोकरी वाढली नाही आणि मथळा आला की बेरोजगारी घटली. म्हणून या दराबरोबर दोन आकडे अजून मागायचे: लोकसंख्येतले किती टक्के कामावर आहेत, आणि किती टक्के श्रमशक्तीत, म्हणजे कामावर किंवा कामाच्या शोधात, आहेत.

११. मग काही गरीब देशांत बेरोजगारी २-३ टक्के आणि काही श्रीमंत देशांत ८-१०, हे कसं?

ज्याचं हातावर पोट त्याला बेकार राहणं परवडत नाही. बेकार भत्ता नाही, बचत नाही, मग मिळेल ते काम करायचं. आणि आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ठरलेल्या आठवड्यात पैशासाठी किंवा नफ्यासाठी एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात मोजला जातो. व्याख्या चुकीची नाही, तिचं काम वेगळं आहे, पण तिच्याकडून पोट भरतंय का याचं उत्तर मागू नका. त्यासाठी कमाई, तास, आणि काम कितपत पक्कं आहे ते बघावं लागतं. जगातले निम्म्याहून जास्त कामकरी अनौपचारिक कामात आहेत, करार नाही, रजा नाही, पेन्शन नाही.

१२. देश पुढे गेला की बायकांचं काम वाढतं ना? मग काही ठिकाणी घटलेलं का दिसतं?

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते साधारण याच विषयावर. त्यांनी अमेरिकेचा दोनशे वर्षांचा माग काढला आणि वक्र यू आकाराचा निघाला. शेतीच्या काळात बायका घरच्या शेतात, घरच्या धंद्यात राबतात. मग काम घराबाहेर कारखान्यात जातं, मुलं सांभाळून तिथे जाणं अवघड, आणि नवऱ्याची कमाई थोडी वाढलेली असते, त्यामुळे प्रमाण घटतं. पुढे शिक्षण आणि ऑफिसची कामं वाढली की परत चढतं.

आकडा चढला की लगेच खूश होऊ नका, कसलं काम वाढलं ते विचारा. भारतात १५ वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला वाटा पीएलएफएसप्रमाणे २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७. वाढ मोठीच आहे. पण त्यात स्वतःचं छोटं काम आणि घरच्या शेतीत-धंद्यात बिनपगारी मदत यांचा भाग बराच आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं असू शकतं, बायका जास्त काम करायला लागल्या आणि आधीही करत होत्या ते काम आता नीट मोजलं जातंय.

१३. बाहेरून माणसं आली की इथल्यांच्या नोकऱ्या जातात, हे तर साधं गणित आहे?

नोकऱ्यांचा आकडा बांधलेला असता तर असतं. आलेला माणूस काम करतो तसा खातोही, भाड्याने राहतो, खरेदी करतो, म्हणजे कामाची मागणी पण वाढते. १९८० मध्ये काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख क्युबन लोक मॅरिएल बंदरातून अमेरिकेत आले, मायामीची श्रमशक्ती एकदम ७ टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञाने १९९० मध्ये तपासलं तर स्थानिक कमी कुशल कामगारांच्या मजुरीवर फारसा परिणाम दिसला नाही. नंतर जॉर्ज बोर्हासने तेच आकडे वेगळ्या गटात, शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांसाठी, बघितले आणि म्हणाला मजुरी चांगलीच पडली. भांडण अजून चालू आहे. सरासरीला धक्का लागत नसला तरी एखाद्या गटाला लागू शकतो, एवढं लक्षात ठेवा.

१४. सरकारने मनावर घेतलं तर जन्म कमी-जास्त करता येतात का?

थोडा काळ, आणि भारी किमतीत. रोमानियाने ऑक्टोबर १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आणली. १९६७ मध्ये जन्म जवळपास दुप्पट, टीएफआर १.९ वरून ३.७. लोकांनी वाटा शोधल्या आणि दर हळूहळू परत उतरला, चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मेल्या ते वेगळंच. ती एक फुगलेली पिढी मात्र तशीच पुढे सरकत राहिली, आधी वर्ग कमी पडले, मग नोकऱ्या.

चीनने १९८० पासून एक मूल, २०१६ पासून दोन, २०२१ पासून तीन अशी परवानगी दिली. बंदी उठली म्हणून पाळणे काही फार काळ वाढलेले राहिले नाहीत. अडवणं सोपं, मन वळवणं अवघड.

१५. म्हातारे वाढले की देश बुडतो का?

बुडत नाही, पण वेग फार महत्त्वाचा. ६५ वर्षांवरच्यांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ टक्के व्हायला फ्रान्सला सुमारे ११५ वर्षं लागली, जपानला २४. फ्रान्सला विचार करायला चार पिढ्या मिळाल्या, जपानला एकच. निवृत्तीचं वयही काही देवाने ठरवलेलं नाही. जर्मनीने १८८९ मध्ये वृद्ध पेन्शन आणली तेव्हा वय ७० होतं, १९१६ मध्ये ते ६५ केलं, आणि आता डेन्मार्कने २०२५ मध्ये कायदा करून २०४० पासून ७० ठरवलंय. फिरून तिथेच, फरक एवढाच की १८८९ मध्ये सत्तरीला पोचणारेच थोडे होते.

१६. एकाच देशाचे दोन आकडे जुळत नाहीत, खरा कुठला?

बहुतेकदा दोन्ही, आपापल्या व्याख्येत. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय व्याख्या बदलली आणि फक्त घरी खायला पिकवणारा माणूस 'रोजगारात' धरू नये असं ठरलं. नवी व्याख्या लागू केली की जिथे पोटापुरती शेती जास्त आहे तिथे रोजगाराचा आकडा एका झटक्यात पडतो, लोकांचं आयुष्य मात्र तेच. लोकसंख्येचंही तसंच. भारताची शेवटची जनगणना २०११ ची, १२१ कोटी, त्यानंतरचे सगळे आकडे अंदाज आहेत, आणि भारताने चीनला मागे टाकलं हे एप्रिल २०२३ चं विधानसुद्धा संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजावरच उभं आहे. दोन आकड्यांची तुलना करायची तर वर्ष, वयोगट, व्याख्या आणि मोजणारी संस्था या चार गोष्टी जुळतायत का बघा. एक जरी वेगळी असेल तर तुलना सोडा.

१७. २१०० साली किती लोक असतील?

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जग २०८० च्या दशकात सुमारे १०३० कोटींवर शिखर गाठेल आणि मग हळूहळू उतरेल. यातला कुठला भाग किती पक्का ते समजून घ्या. २०५० मध्ये साठीचे असणारे सगळे आधीच जन्मलेले आहेत, पस्तिशीत आहेत, त्यामुळे त्या वर्षी म्हातारे किती आणि पेन्शनचा भार किती हे बऱ्यापैकी नक्की सांगता येतं, चुकलं तर स्थलांतरामुळे. २०८० मध्ये जन्मणाऱ्या बाळांच्या आया मात्र अजून जन्मलेल्याच नाहीत.